अंगारकीची पुडी

चंद्रभागाबाईच्या ओट्यावर भर दुपारी एक मेलेला माणूस येऊन बसतो, ही बातमी लिंबागणेशच्या बाजारात पोचली तेव्हा साधीच होती. आष्टीला पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. मेलेला माणूस काळी घोंगडी पांघरून बसतो. वैशाखाच्या उन्हात त्याला घाम येत नाही. कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत. त्याची सावली पडत नाही. आणि तो मेला तो चंद्रभागाबाईच्याच औषधानं, म्हणून रोज येऊन तिच्याकडं आपला जीव परत मागतो.

ही बातमी नेली बंकट कासारानं. बंकट गावोगाव बांगड्या भरत फिरायचा आणि दर घरी बांगड्यांबरोबर एक बातमी फुकट चढवून यायचा. त्याची बांगडी एखादे वेळी पिचायची. बातमी कधी पिचली नाही.

आता खरं काय ते ऐका. माणूस मेलेला नव्हता. त्याचं नाव उत्तरेश्वर, पलीकडच्या आळीतला, दोन बैलांचा धनी, कामाला वाघ आणि बोलायला गाय. सावलीचं म्हणाल तर बंकटनं त्याला पाहिलं ते सूर्य अगदी डोक्यावर असताना. त्या वेळी अर्जुनराव पाटलाची सावलीसुद्धा पायाखाली गोळा होते, आणि पाटलाची सावली म्हणजे काही लहान प्रकरण नव्हे. कुत्र्यांचं तर काय, वैशाखातल्या दुपारी आमच्याकडची कुत्री जमादार आला तरी उठत नाहीत. पण शेवटची गोष्ट तेवढी बंकटच्या पदरात टाकावी लागते. उत्तरेश्वर काहीतरी परत मागायलाच यायचा. आणि ते चंद्रभागाबाईकडंच होतं.

चंद्रभागाबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हा घरातली सगळी विद्या सासऱ्याकडं होती आणि नवऱ्याकडं नुसती भूक. सासरे भगवानराव, नावाजलेले वैद्य. मोगलाईत सरकारी दवाखाना म्हणजे थेट बीडला; तिथवर बैलगाडीनं जाईतो रोगी एक तर बरा व्हायचा, नाहीतर गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. त्यामुळं भगवानरावांच्या ओट्याला कायम गर्दी. पोराला हिरडा कोणता आणि बेहडा कोणता हे शिकवता शिकवता म्हातारा थकला, आणि ते शिकायच्या आधीच पोरगा पटकीत गेला. मग म्हाताऱ्यानं दगडी खल उचलला आणि सुनेपुढं ठेवला.

"बाईच्या हातचं औशद कोन घेईल?" गावानं विचारलं.

"आन् भाकर कुनाच्या हातची खाता बे?" म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्यानं सुनेला दोन नेम घालून दिले. एक, कोणतंही औषध आधी सुईच्या टोकाइतकं आपल्या जिभेवर ठेवायचं. वैद्याची जीभ आधी, रोग्याची मागून. दुसरा नेम त्यानं मरताना सांगितला. "पोरी, हात आपलाबी चुकतो. पन औशद रोग्याच्या पोटात जावं, चूक आपल्या पोटात ऱ्हावी. मान्सं रोगानं कमी मरत्यात, भ्यानं लई मरत्यात."

पहिला नेम चंद्रभागाबाईनं देवपूजेसारखा पाळला. तिच्या जिभेला अख्ख्या गावाचे रोग ठाऊक होते, आणि तरी ती जीभ कुणाचं कुणाला सांगत नव्हती. समोरची तुळजाबाई हळहळायची, "येवढी मायती आन् एवडं गप ऱ्हानं! माझ्या तोंडात आसती ना ती जीभ!" नसती, हे देवाचे उपकार. दुसऱ्या नेमाची मात्र चंद्रभागाबाईला बरीच वर्षं गरज पडली नाही. ती पडली त्या वैशाखातल्या अंगारकीला.

त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ओट्यावर दोन सुपांत बचनाग वाळत होता. बचनाग म्हणजे जहर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तोच गोमूत्रात भिजवून, उन्हात ठेवून, शुद्ध केला की तापावर त्याच्यासारखं औषध नाही. एका सुपात शुद्ध केलेला होता, दुसऱ्यात बीडच्या जडीबुटी विकणाऱ्या अत्तारानं नुकताच धाडलेला कच्चा. वाळल्यावर दोघं सख्ख्या भावांसारखे दिसतात. एकाला घरात घ्यावं, दुसऱ्याला दारातही उभं करू नये, आणि चेहरा तोच.

दुपार तापली होती. वारा मेला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. आणि अशा वेळी, कुठून आली कळलं नाही, एक वावटळ गल्लीतून आली. दुसऱ्या कुणाच्या दारात ती थांबली नाही. धुळीचा उभा खांब सरळ चालत आला, माणूस घर शोधत येतो तसा, आणि चंद्रभागाबाईच्या ओट्यावर चढला. दोन्ही सुपं उपडी झाली. मग ती जागच्या जागी विरली. पलीकडं तुळजाबाईच्या दोरीवरचं लुगडंसुद्धा हललं नाही.

चंद्रभागाबाईनं तिकडं थुंकून टाकलं, कारण वावटळीतून काय जातं हे बोलायचं नसतं. मग खाली बसून डावीकडचं एका सुपात, उजवीकडचं दुसऱ्यात, असं गोळा केलं. हात थोडा अडखळला. हे या सुपातलंच का? पण ती मनाशी म्हणाली, देताना जीभ सांगंलच की. आणि संध्याकाळी तिनं मिरी घालून औषध खलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अंगारकी. लिंबागणेशचा गणपती शेजारी असल्यावर इथल्या माणसाला बाकी उपास चुकवता येतात, अंगारकी चुकवता येत नाही. आणि चंद्रभागाबाईची अंगारकी कडक. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. म्हणून त्या दिवशी ती औषध देतच नसे. तोंड बंद तर दुकान बंद.

पण सकाळीच साखराबाई आली. उत्तरेश्वरची बायको, आष्टीकडची, हडकुळी आणि चटपटीत. डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल.

"काकू, ताप उतरंना. अंगावर तवा ठिवला तर भाकर भाजंल."

"आज अंगारकी हाय गं बाई. उद्या ये."

"उद्यापतोर दम निगंल का त्यांचा? तुमी पुडी तरी देऊन ठिवा. आज ते बी काय घेत न्हाईत, तापात बी उपास धरलाय. उद्या पाटंचं देईन."

चंद्रभागाबाईनं पुडी हातात धरली. वास घेतला. उजेडात पाहिली. जिभेवर ठेवायची, तर उपास मोडणार, तोही अंगारकीचा. पोरगी दारात उभी. आपल्या हातचं औषध, आपल्याला ठाऊक नाही तर कुणाला? तिनं पुडी दिली. "उद्या सकाळी, उपाशीपोटी, आल्याच्या रसात," असं सांगितलं, आणि दिवसभर गणपतीचं नाव घेत बसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला तेव्हा दुसराच कुणी तापाचा माणूस ओट्यावर आला. चंद्रभागाबाईनं तेच औषध काढलं आणि रिवाजाप्रमाणं कणभर जिभेवर ठेवलं.

आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग त्या मुंग्या टोकावरून मागं चालत गेल्या. मग ओठ जड झाले, दुसऱ्या कुणाचे तरी आणून चिकटवल्यासारखे. मग जीभ होती तिथं काहीच उरलं नाही. तोंडात मांसाचा एक थंड तुकडा, आपला नसलेला.

तिनं थुंकलं, चुळा भरल्या, तुपाचा गोळा तोंडात टाकला. आणि तेव्हा तिला आठवलं, उद्या पाटंचं देईन. पहाट होऊन गेली होती.

ती धावत सुटली. पन्नाशीची बाई, पदर खांद्यावरून घसरलेला, केस सुटलेले, तोंडातून लाळ. अर्ध्या वाटेवर तिला उत्तरेश्वरच्या घराकडून बाई रडल्यासारखा आवाज आला आणि ती वाटेतच थांबली. तो मोर होता, रानातला. पण ते कळायला जो वेळ गेला, त्यात ती एकदा सुतकाचं पाणी पडल्यासारखी भिजून निघाली.

घरात उत्तरेश्वर एकटा होता; साखराबाई पुडी आणि वाटी ठेवून पाण्याला गेली होती. मेलेला नव्हता. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तो बाहेरच्या रिकाम्या परड्याकडं बघत होता. देवळीत आल्याच्या रसाची वाटी, शेजारी पुडी. पुडी उघडलेली, पण भरलेली.

"घेतलीस का?" असं तिला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते घोगरं, ओलं, काहीतरी जनावराचं.

त्यानं मान वळवली. तापलेल्या डोळ्यांना काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा. ओळखीची काकू, पण केस पिंजारलेले, तोंड वाकडं, लाळ गळतेय, बोलता येत नाही. तिनं देवळीतली पुडी झडप घालून उचलली, वास घेतला, मुठीत दाबली, त्याला ओलांडून परड्यात गेली आणि कुंपणाजवळच्या बाभळीखाली दोन्ही हातांनी खड्डा उकरून ती पुरली. वर दगड ठेवला. मग हात झाडून परत आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून लहान पोरासारखी रडली, आवाज न करता.

"काकू," तो म्हणाला, "आईनं हाक मारली मला."

चंद्रभागाबाईनं पदरानं तोंडाची लाळ पुसली.

"पुडी हातात घेतली आन् मागच्या दारातनं हाक आली. 'उत्रू.' तिच्याबिगर तसं कोन म्हनत न्हवतं मला. मी ओ दिली, काकू. पैल्याच हाकंला. उटून आलो. कुनी न्हवतं. नुस्तं ऊन."

त्याची आई प्लेगात गेली होती. आणि न दिसणाऱ्या माणसाच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्याकडं आईच शिकवते. जो ओ देतो, त्याला ते घेऊन जातं.

खरी गोष्ट सांगायची वेळ ती होती. पण त्या वेळी चंद्रभागाबाईला जीभच नव्हती. आणि दुपारी जीभ परत आली, तेव्हा तिच्या आधी म्हाताऱ्याचा दुसरा नेम तोंडात येऊन बसला होता.

दुपारी तिनं दुसरं औषध दिलं, तीनतीनदा चाखून. उत्तरेश्वरनं विचारलं, "काकू, मला काय झालतं? सकाळी तुमी काय पुरलं?"

"काय न्हाई रं बाबा. पुडी जुनी निगाली, टाकून दिली," ती म्हणाली. आणि जिभेच्या टोकाला मुंगी चावली.

औषध उरलं असेल, असं तिला वाटलं. तिनं चूळ भरली.

ताप उतरला. मग उत्तरेश्वर घोंगडी पांघरून तिच्या ओट्यावर येऊन बसायला लागला. रोज दुपारी, गाव झोपल्यावर. बोलायचा नाही. बघायचा समोर, पण समोरचं नव्हे. उठताना एकच विचारायचा, "काकू, मला काय झालतं?" "काय न्हाई रं." की मुंग्या. पहिल्यांदा टोकाला, मग अर्ध्या जिभेला. बाकी दिवसभर ती तिखट खायची, मीठ ओळखायची, औषधं चाखायची, जीभ चोख. त्या दोन शब्दांपुरती मात्र ती मरायची.

चंद्रभागाबाई सांगणार नव्हती असं नाही. ताप उतरू दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. ताप उतरला. अंगात थोडं रक्त येऊ दे. अमावस्या जाऊ दे. पेरणी होऊ दे. सांगायला मुहूर्त शोधणाऱ्याला पंचांगातल्या सगळ्याच तिथ्या वाईट दिसतात. दुपारी ओट्यावर तो बाहेरून बसायचा, ती आतून, मध्ये भिंत; आणि कधीकधी तिला वाटायचं की आपण उठून बाहेर गेलो तर तिथं घोंगडीच असेल, नुसती, बसलेली.

इकडं गावानं वाट पाहिली नव्हती. गावाला कुणी काही सांगितलं नाही की गाव स्वतःला सांगतं. उत्तरेश्वरचा थोरला भाऊ राधाकिशन, मिशीनं मोठा आणि अकलेनं बेताचा, त्यानं हिशेब जुळवला. पुडी आणली कुणी? साखराबाईनं. देवळीत ठेवली कुणी? साखराबाईनं. चंद्रभागाबाईला आपोआप कळलं, ती अंगात वारं आल्यासारखी धावत आली, पुडी काढून पुरली. म्हणजे काय? म्हणजे पुडीत कुणीतरी काहीतरी घातलं. आईचं भूत काही फुकट आलं नाही. घरातल्याच कुणी पाठवलं.

आणि चंद्रभागाबाईला लोक नारळ आणून द्यायला लागले! करणी काढणारी बाई म्हणून. तुळजाबाईनं तर ओट्याला हळदकुंकू लावलं. चुकीबद्दल माणसाला शिव्या मिळाल्या तर पचतात. चंद्रभागाबाईला त्या नारळांतलं एक खोबरंही गिळवेना.

उत्तरेश्वर बायकोच्या हातचं खाईना. पाणीसुद्धा स्वतः शेंदून प्यायचा. भाजलेले शेंगदाणे खिशात घेऊन फिरायचा, तेही मोजके. खाणारं तोंड बंद झाल्यावर माणूस कसा दिसतो? मेलेल्यासारखा. बंकट अगदीच खोटं नव्हता बोलला.

ज्येष्ठ लागला, ढग येऊन रिकामे जायला लागले, आणि एके दिवशी दुपारी साखराबाई चंद्रभागाबाईच्या मागच्या दारानं आत आली. हातात गाठोडं.

"गाडी जुपलीय. थोरले भाऊजी मला माह्यारी सोडाया निगालेत. परत आनायची न्हाई म्हनतेत."

चंद्रभागाबाई खलापाशी बसली होती.

"मी काय केलं काकू? तुमी दिली ती पुडी मी नेली. वाटंत सोडून बी बगितली न्हाई. ते माज्या हातचं खाईनात. माझं राहू द्या, जाईन मी. पन ते मरतेत वो उपाशी. ताप उतरला आन् मानूस चाललं! तुमाला मायती हाय काय झालतं. कावून सांगत न्हाईत तुमी?"

"काय न्हाई गं," असं म्हणायला चंद्रभागाबाईनं तोंड उघडलं.

आणि जीभ गेली. सगळी. त्या सकाळसारखी, ओठांसकट. तिनं हात तोंडाला लावला. बोटांना ओठ लागले, ओठांना बोटं लागली नाहीत. घरात बचनागाचा कण नव्हता. तिनं तो त्याच दिवशी आडवाटेला पुरून टाकला होता. समोरच्या खुंटीला म्हाताऱ्याची पगडी अजून टांगलेली होती. तिला वाटलं, पगडी तिच्याकडं बघतेय, आणि तिला स्पष्ट कळलं की मामंजी चुकले होते. माणसं भ्यानं मरतात हे खरं. पण ज्याचं नाव ठाऊक नाही त्याचं भ्या सगळ्यांत मोठं, आणि ते तिनंच त्याच्या मागं लावलं होतं.

ती उठली. साखराबाईच्या मनगटाला धरून पुढच्या दारानं बाहेर आली.

ओट्यावर उत्तरेश्वर बसलेलाच होता. गल्लीत गाडी उभी, गाडीवर राधाकिशन, आणि समोर तुळजाबाई, धान्य पाखडण्याचं निमित्त करून. सुपात धान्य नव्हतं.

"चला," चंद्रभागाबाई म्हणाली. तो एक शब्द निघाला, आणि त्यानं तिलाच धीर आला. "बाभळीखाली चला."

सगळे गेले. उत्तरेश्वर मागून, घोंगडी ओढत. ऊन असं होतं की परड्यातला रंग उडून गेला होता. बाभळीखालचा दगड तिनं काढला, माती उकरली. पुडीचं फडकं तसंच होतं, वाळवीनं सगळं परडं खाल्लं होतं, पण त्या फडक्याला तोंड लावलं नव्हतं.

"ही माझी चूक हाय," ती म्हणाली. "ह्यात कच्चा बचनाग गेला. वावटळीनं सुपं मिसळली, मी जिबंवर सोडून दिलं, आन् अंगारकीला जीब बंद ठिवली. न चाखता पुडी दिली. साखरीला काय म्हाईत न्हाई. उत्तरेश्वरा, तू पुडी घेतली आसतीस तर त्या दिवशी मेला आसतास. घेतली न्हाईस, वाचलास. मी धावत आले ती जहर काढाया. तोंड वाकडं झालतं ते जहर चाखल्यानं. मला भूत लागलं न्हवतं, तुलाबी न्हाई."

मग राधाकिशन पुढं झाला. "असं व्हय? आन् हे खरं कशावरून? साखरीला वाचवाया बी म्हनत आसशील. माती झालेल्या पुडीत काय जोर ऱ्हातो?" आणि कुणी अडवायच्या आत त्यानं बोटाला थोडं लावून जिभेवर ठेवलं. तोंड भरून चंद्रभागाबाईनं शिव्या घातल्या, थुंकायला लावलं, तूप आणायला साखराबाईला पळवलं. पण मोठ्या मिशीच्या खालून तोवर शब्द निघायचे बंद झाले होते. "ब्ब, ब्ब," एवढंच. दिवस कलेपर्यंत राधाकिशनला कुणावर आळ घेता आला नाही. त्याच्या उभ्या जन्मात घराला लाभलेली ती एकच शांत दुपार.

पण तेव्हा कुणी हसलं नाही. सगळे उत्तरेश्वरकडं बघत होते. तो बाभळीला टेकून खाली बसला होता, आणि ओठ हलत होते.

"काकू. मंग आईनं हाक मारली ती..."

चंद्रभागाबाई त्याच्यासमोर बसली.

"ती न्यायला न्हवती आली, बाबा."

परड्यात काहीच हलत नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि दारात ऊन उभं होतं, माणसाएवढं. उत्तरेश्वरनं घोंगडी खांद्यावरून काढली. कपाळावर घामाचे थेंब आले. "ओ," तो हळूच म्हणाला, दाराकडं बघून. दुसऱ्यांदा.

मग साखराबाईला म्हणाला, "भाकर हाय का?"

इथं गोष्ट संपवली तर छान दिसेल, पण गावात गोष्टी छान संपत नाहीत. भाकर खाऊन झाल्यावर उत्तरेश्वरचं डोकं ताळ्यावर आलं आणि त्याला राग आला. पुडी चुकली म्हणून नव्हे. "वैशाखापासनं मला मेलेला ठिवला तुमी," तो चंद्रभागाबाईला म्हणाला. "जहर एका दिवसाचं होतं काकू. हे येवडं दिवसाचं?" पुढच्या सबंध वर्षात तो तिच्या ओट्यावर चढला नाही. साखराबाईला खोकला झाला तर गाडी जुंपून बीडला गेला. इतरही बरेच गेले. नारळ देणाऱ्यांनी नारळ परत मागितले नाहीत एवढंच. तुळजाबाईनं मात्र ओट्याचं हळदकुंकू स्वतःच्या हातानं धुऊन काढलं.

चंद्रभागाबाईनं सासऱ्याचा पहिला नेम ठेवला, दुसरा काढून टाकला. हात चुकला की ती तिथल्या तिथं, उंबरा ओलांडायच्या आत सांगायची. "थांब, ही पुडी दे. तुला दिली ती पोटाची न्हवती, जुलाबाची होती. ही घे." कुणी घाबरायचं, कुणी शिव्या द्यायचं, एका बाईनं तर पुडी तोंडावर फेकली. ती फेकलेली पुडी उचलून चंद्रभागाबाई म्हणाली, बरं. आणि आणखी एक झालं. पुढच्या अंगारकीला रोगी आला तेव्हा तिनं औषध चाखलं, चंद्राच्या कितीतरी आधी. गुरव ओट्यावरच होता. "उपास मोडला की वो बाई!" तो ओरडला. "गनपतीचं पोट मोटं हाय," ती म्हणाली, "मावंल." त्या जिभेला अजून अंगारकीच्या दुपारी जराशा मुंग्या येतात, असं ती स्वतःच सांगायची, औषध असो नसो.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी उत्तरेश्वर आला. घोंगडी नव्हती. दाढेला धरून ओट्यावर बसला, आणि तोंड उघडलं. तिनं लवंगेचा बोळा आधी आपल्या दाढेखाली ठेवून पाहिला.

नेमका त्याच वेळी बंकट कासार गल्लीत शिरला. ओट्यावर त्याच जागी तोच माणूस बघून त्याच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. मग सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर, बांगड्या आवरता आवरता, त्यानं चंद्रभागाबाईला शहाणपण शिकवलं. "सगळं खरं हाय बाई, पन आसं आपल्याच चुका सांगत बसलीस, तर तुज्या ओट्यावर येईल कोन?"

चंद्रभागाबाईनं उत्तरेश्वरच्या तोंडात बोळा नीट बसवला, हात पुसले, आणि म्हणाली,

"जित्तं मानूस येईल की. मेलेलं येतंय म्हून तर तूच आष्टीपतोर सांगत गेलतास."